मूल परत जाईल हे माहीत असताना त्याला घरी कसं आणायचं?

नाशिकला पाथर्डी फाट्याजवळ राहणाऱ्या एका ताईंनी विचारलं आहे. त्या ४१ वर्षांच्या, यजमान ४४ वर्षांचे आणि अंबडला कंपनीत नोकरीला. मुलगी १३ वर्षांची, आठवीत. घरात सासूबाई आहेत. ताई लिहितात : ‘आणखी एका मुलाला घर द्यावं असं कितीतरी वर्षं मनात आहे. दत्तकासाठी नाव नोंदवलं तर काही वर्षं थांबावं लागतं, त्यापेक्षा फॉस्टर केअरमध्ये मूल लवकर मिळतं आणि दोन वर्षांनी तेच दत्तक घेता येतं, असं ऐकलं. खरं आहे का? आणि मुलाचे आईवडील परत आले आणि त्याला घेऊन गेले तर? माझ्या मुलीला ते झेपेल का?’

ताई, नाशिक जिल्ह्यात मुलांच्या गृहभेटी आणि कुटुंबांच्या तपासण्या करण्यात माझी बावीस वर्षं गेली. तुमचे शेवटचे दोन प्रश्न फार मोलाचे आहेत, त्यांच्याकडे सावकाश येते. त्याआधी पहिल्या प्रश्नातली गफलत दूर करायला हवी. ती तशीच राहिली तर पुढे तुम्हालाही त्रास होईल आणि मुलालाही.

दत्तक घेतलं की मूल कायमचं तुमचं होतं. आडनाव, वारसाहक्क, शाळेच्या दाखल्यावरचं नाव, सगळं बदलतं. प्रतिपालकत्वात, म्हणजे ज्याला आपण सगळे फॉस्टर म्हणतो त्यात, मूल दुसऱ्या कुणाचं तरीच राहतं आणि काही काळ तुमच्या घरी वाढतं. बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ४४ मध्ये ही तरतूद आहे. मूल तुमच्याकडे येतं ते बालकल्याण समितीच्या, म्हणजे मुलांच्या काळजी-संरक्षणाचे निर्णय घेणाऱ्या जिल्ह्याच्या समितीच्या, आदेशाने, आणि परत जातं तेही समितीच्या आदेशानेच. मधल्या काळात त्याचं जेवणखाण, शाळा, आजारपण ही सगळी जबाबदारी तुमची, पण त्याचं आडनाव बदलायचा अधिकार तुम्हाला नाही. थोडक्या मुदतीचं प्रतिपालकत्व वर्षभरापर्यंतचं असतं, दीर्घ मुदतीचं त्याहून जास्त. दर वेळी समिती फेरविचार करते.

आता दोन वर्षांची गोष्ट. ती अर्धी खरी आहे. पूर्वी पाच वर्षं सांभाळल्यानंतर दत्तकाचा विचार होत असे, आता ही मुदत दोन वर्षांवर आणली आहे. केंद्राने २०२४ मध्ये नवी मार्गदर्शक तत्त्वं काढली तेव्हा त्याची बातमी सगळीकडे झाली, म्हणून तुमच्या कानावर आली असणार. (त्याच वेळी अविवाहित, विधवा, घटस्फोटित अशा ३५ ते ६० वयाच्या एकट्या व्यक्तींनाही हा मार्ग मोकळा झाला. एकटी बाई मुलगा किंवा मुलगी कुणालाही सांभाळू शकते, एकट्या पुरुषाला मात्र मुलगाच देतात.) पण ही दोन वर्षं लागू होतात ती कायद्याने दत्तकासाठी मोकळ्या झालेल्या मुलांना. ज्याची आई दवाखान्यात आहे, वडील तुरुंगात आहेत, आजी थकली आहे पण नातवाला सोडायला तयार नाही, असं मूल तुमच्याकडे पाच वर्षं राहिलं तरी आपोआप तुमचं होत नाही. आणि आमच्याकडे येणारी बहुतेक मुलं अशीच असतात.

तान्ही बाळं या मार्गाने मिळत नाहीत हेही सांगून ठेवते. साधारण सहा वर्षांच्या पुढची मुलं असतात. कुणाला संस्थेत भेटायला वर्षानुवर्षं कुणी आलेलं नाही, कुणाचे पालक सांभाळायला समर्थ नाहीत असं समितीने ठरवलं आहे, कुणी दत्तकासाठी मोकळं आहे पण वय वाढलेलं किंवा काही आजार, त्यामुळे कुणी नेलेलं नाही. तुम्हाला मनातून बाळच हवं असेल तर ते स्वतःशी कबूल करा. त्यात काही वाईट नाही. मग केंद्रीय दत्तक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर नाव नोंदवा आणि थांबा. थांबणं अवघड आहे, पण फॉस्टरला जवळची वाट समजून आलेली कुटुंबं पहिल्या सहा महिन्यांत कोलमडतात, आणि त्यांच्याबरोबर मूलही कोलमडतं. आणि मधल्या काळात कुणी ‘अमक्या दवाखान्यातून परस्पर बाळ मिळवून देतो’ असं म्हणालं तर त्याच्या वाऱ्यालाही उभ्या राहू नका. मुलाची खरेदी-विक्री हा पाच वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे, आणि घेणाराही त्यात येतो.

हे वाचूनही तुमची इच्छा टिकली असेल तर पुढे वाचा. मला वाटतं ती टिकली असेल, कारण ज्यांना फक्त बाळच हवं असतं ती माणसं ‘मूल परत गेलं तर’ हा प्रश्न विचारत नाहीत.

पात्रतेचं लवकर सांगून टाकते. तुम्ही दोघं पस्तिशीच्या पुढे आहात आणि दोघांची इच्छा आहे, हे मुख्य. उत्पन्न मुलाच्या गरजा भागतील इतकं हवं, मोठा पगार लागत नाही. घरातल्या सगळ्यांची वैद्यकीय तपासणी होते, त्यात एचआयव्ही, क्षयरोग आणि कावीळ बी यांच्या चाचण्या येतात. त्या सासूबाईंनाही कराव्या लागतील. कुणावर गुन्हा सिद्ध झालेला नसावा. प्रशिक्षणाला यावं लागतं आणि हमीपत्रावर सही करावी लागते. त्यात एक वाक्य असतं : बोलावणं आलं की मूल परत करीन. सही करताना बऱ्याच जणांचा हात तिथे थबकतो. मी घाई करत नाही. चहा मागवते.

गृहभेटीला येताना मी सोफा, फ्रिज बघायला येत नाही. दोन खोल्यांच्या घरात छान वाढलेली मुलं मी पाहिली आहेत आणि बंगल्यात गुदमरलेलीही. मी विचारते, मूल झोपणार कुठे, त्याचे कपडे कोणत्या कप्प्यात, तो कप्पा आज कुणाचा आहे आणि त्याने तो रिकामा करायला होकार दिलाय का. घरातल्या प्रत्येकाशी वेगळं बोलते. एकदा इंदिरानगरमधल्या एका घरात आजी मेथी निवडत बसल्या होत्या, मी शेजारी बसून निवडू लागले. अर्धी जुडी झाल्यावर त्या हळूच म्हणाल्या, ‘बाई, सगळं खरं, पण जात कुठली असेल त्या पोराची?’ सुनेने मला आधी सांगितलं होतं की सासूबाईंची काहीच हरकत नाही. हरकत होती, फक्त ती कुणी बोलून दाखवली नव्हती.

तुमच्याही घरात हा प्रश्न येईल, ताई. आला तर दडपू नका. सुरगाणा, पेठ, त्र्यंबक या तालुक्यांतून, द्राक्षबागांवर मजुरीला आलेल्या घरांतून, शहरातल्या वस्त्यांमधून मुलं येतात. त्यांची जात विचारून कुणी कुटुंब ठरवत नाही आणि ठरवूही नये. ज्या घरात मुलाचं ताट, पाण्याचा तांब्या किंवा देवघराजवळची जागा वेगळी ठेवली जाणार असेल, त्या घरात मी मूल देत नाही. माझा अहवाल तिथेच संपतो. इंदिरानगरच्या आजींचं पुढे काय झालं ते सांगते. त्यांच्याशी मी तीन वेळा बोलले, चौथ्या वेळी त्यांनीच विचारलं, ‘त्याला गोडाचा शिरा आवडतो का?’ तो मुलगा आजही त्यांना आजी म्हणतो. पण सगळ्या घरांत असं होत नाही. तिथे नाही म्हणणं हेच माझं काम.

अर्ज, गृहभेट, मुलाचा अहवाल, समितीपुढची भेट, मग जुळवणी, असा क्रम असतो. जुळवणीत तुमच्या पसंतीइतकंच मुलाचं म्हणणं महत्त्वाचं. समिती मुलाला विचारते आणि त्याचं म्हणणं नोंदवते. भावंडं असतील तर शक्यतो एकत्र ठेवायची असं कायदाच सांगतो, त्यामुळे एकाऐवजी दोघांची विचारणा झाली तर दचकू नका.

इथे माझी एक चूक सांगते, कारण तिच्यातून मी जे शिकले ते तुमच्या उपयोगाचं आहे. बारा-तेरा वर्षांपूर्वीची गोष्ट. अकरा वर्षांचा एक मुलगा. कुटुंब सुशिक्षित, घर ऐसपैस, कागदपत्रं चोख. पहिल्याच भेटीत गृहस्थ म्हणाले होते, ‘आम्ही त्याला चांगली शिस्त लावू.’ मला ते खटकलं होतं, तरी मी पुढे गेले. त्यात महिना मार्चचा, मुलाची परीक्षा तोंडावर. एका भेटीत पसंती झाली आणि आठवड्याभरात मूल घरी गेलं. चाळीसाव्या दिवशी ते त्याला परत घेऊन आले. त्यांचं म्हणणं, तो खोटं बोलतो, दिलेल्या गोष्टींची किंमत नाही, उपकाराची जाणीव नाही. मुलगा फाटकाजवळच्या कट्ट्यावर दप्तर मांडीवर घेऊन बसला होता. मी जवळ गेले तर त्याने मला एवढंच विचारलं, ‘मॅडम, माझं काय चुकलं?’

त्याचं काहीही चुकलं नव्हतं. चुकलं होतं ते माझं. तेव्हापासून मी तीन गोष्टींना धरून आहे. जुळवणीनंतर किमान तीन-चार भेटी, त्यातली एक मुलाने घरी येऊन दिवसभर राहण्याची. शक्य तितकं मूल मे महिन्याच्या सुट्टीत घरी न्यायचं, म्हणजे जूनमध्ये शाळा सुरू होईपर्यंत घराची ओळख होते. आणि ज्या घराला मुलाकडून उपकाराची जाणीव हवी आहे, त्या घराला नकार. आधीच एक घर गमावलेल्या मुलाने तुमचे आभार का मानायचे?

आता ज्याची कल्पना कुणी देत नाही, त्या पहिल्या तीन महिन्यांबद्दल. बहुतेकांना वाटतं, मूल आलं की आनंदाने उड्या मारेल. पहिले दोन आठवडे ते तसं वागेलही. ताट धुऊन ठेवेल, हाक मारली की ‘हो’ म्हणेल. आम्ही त्याला पाहुणपणाचे दिवस म्हणतो. मग ते सैल होतं, आणि खरं मूल दिसायला लागतं. अंथरूण ओलं होणं, खोटं बोलणं, वस्तू लपवणं, रात्री दिवा बंद करू न देणं, एखाद्या साध्या वाक्यावरून रडून आकांत करणं. हे सगळं येऊ शकतं, आणि मी त्याला चांगलं लक्षण मानते. इथे रडलं तर चालतं एवढा विश्वास बसल्याशिवाय मूल रडत नाही.

एका मुलीची गोष्ट सांगते, तिला सुमी म्हणू. आठ वर्षांची, सुरगाण्याकडची. वडील वारलेले, आई मानसिक आजाराने उपचारांत, सांभाळायला दुसरं कुणी नाही. ती जेलरोडच्या एका कुटुंबाकडे आली. पहिल्या आठवड्यात तिने पोळी खाल्लीच नाही. भात खायची आणि ताटाकडे बघत बसायची. काकूंना वाटलं आपल्या हाताची चव आवडत नाही. मी म्हटलं, तिला विचारा घरी काय खायची. ती म्हणाली, नागली. काका पेठ नाक्यावर जाऊन नागलीचं पीठ शोधून आले. काकूंना ती भाकरी थापता येईना, पहिल्या तीन तव्यावर मोडल्या. सुमी ओट्याजवळ उभी राहून बघत होती, म्हणाली, पाणी उकळून घ्यायचं असतं. त्या घरात तिने आपणहून बोललेलं ते पहिलं वाक्य.

पंधरा-वीस दिवसांनी रात्री अकराला काकूंचा फोन. गॅलरीतून मुंग्यांची रांग आत येत होती. ती बघत बघत त्या सुमीच्या दप्तरापर्यंत गेल्या, तर कंपासपेटीखाली वहीच्या पानात गुंडाळलेले भाकरीचे चार तुकडे, वाळून कडक झालेले. काकू घाबऱ्या झाल्या होत्या. ‘पोटभर देतोय हो आम्ही तिला, मग हे कशाला?’ मी सांगितलं, रागावू नका, तिच्या देखत फेकू नका आणि तिच्याकडून काही वदवूनही घेऊ नका. दुसऱ्या दिवशी काकूंनी एक छोटा स्टीलचा डबा आणला. त्यात खारे शेंगदाणे, गुळाचा खडा, दोन राजगिऱ्याचे लाडू. तिच्या उशाशी ठेवला आणि म्हणाल्या, ‘हा तुझा. कुणी हात लावणार नाही. संपला की मी भरीन.’ पहिले तीन आठवडे तो रोज रात्री रिकामा व्हायचा. काकू काही न बोलता भरायच्या. मग दोन दिवसांनी भरावा लागू लागला. दिवाळीत फराळाचे डबे बाहेर निघाले तेव्हा तो उशाशी तसाच भरलेला होता, आणि शेंगदाण्यांना वास आला म्हणून सुमीनेच तो घासायला टाकला.

मानसशास्त्राची पुस्तकं याला बरीच नावं देतात. मला वाटतं, उद्याचं जेवण नक्की आहे हे मुलाला तोंडाने सांगून पटत नाही. ते भरलेला डबा शंभर वेळा दाखवून पटवावं लागतं. तुमच्या घरात मुंग्यांची रांग निघेल तेव्हा फोन करा. वेळ बघू नका.

मूल तुम्हाला काय म्हणेल, हेही आधी ठरवा. काका-काकू म्हणू दे, मावशी म्हणू दे. ‘आता मीच तुझी आई’ हे वाक्य माझ्या सगळ्या कुटुंबांना मी बंद केलं आहे. त्याला आई आहे. कुठे आहे, कशी आहे, हा वेगळा प्रश्न. ते आपणहून आई म्हणालं तर म्हणू दे, आणि दुसऱ्या दिवशी परत काकू म्हणालं तर तेही चालू दे.

यातच तुमच्या मोठ्या प्रश्नाचं उत्तर आहे. पालक सांभाळायला असमर्थ म्हणून मूल तुमच्याकडे आलेलं असेल तर, समितीने मनाई केलेली नसल्यास, आईवडिलांना ठरावीक दिवसांनी त्याला भेटायचा हक्क आहे. सुमीची आई महिन्यातून एकदा यायची, कार्यालयात भेट व्हायची. पहिल्या भेटीला तिने प्लास्टिकच्या पिशवीत बोरं आणली होती, थोडी मऊ पडलेली. सुमी आईकडे बघेना. आई पिशवी पुढे धरून उभी. काकूंनी पुढे होऊन ती दोन्ही हातांनी घेतली आणि म्हणाल्या, ‘ताई, घरी गेल्यावर धुऊन देते तिला. तुमच्याकडची आहेत ना, गोड असणार.’ सुमीने मान वर करून आधी काकूंकडे पाहिलं आणि मग आईकडे. प्रतिपालक म्हणून कुणाला घ्यायचं हे मला आता विचाराल तर मी हेच बघते : मुलाच्या आईने आणलेली मऊ बोरं हा माणूस कशी घेईल.

कारण मूल दोन्ही घरांकडे बघत असतं. तुम्ही त्याच्या आईला नाक मुरडलंत, तर ते स्वतःलाच मुरडलं असं त्याला वाटतं. ती दारू पीत असेल, तुरुंगात असेल, त्याला टाकून गेली असेल. तरीही तुमच्या तोंडून तिच्याबद्दल वाईट शब्द निघता कामा नये. खोटी स्तुतीही करू नका. ‘तुझी आई आजारी आहे, तिला बरं व्हायला वेळ लागतोय’ इतकं पुरे.

सुमी सोळा महिन्यांनी आईकडे परत गेली. आईची औषधं लागू पडली होती, मामांनी शेजारी खोली दिली होती, समितीने चौकशी करून आदेश दिला. काकूंना महिनाभर आधी कल्पना होती. त्या महिन्यात त्यांनी एक काम केलं, ते मी तेव्हापासून सगळ्यांना सांगते. सुमी आली होती गाठोड्यासारख्या पिशवीतून कपडे घेऊन. काकूंनी तिला चेनची चांगली बॅग घेतली आणि रोज थोडं थोडं तिच्याबरोबर बसून भरलं. शाळेचं प्रगतिपुस्तक, दवाखान्याची फाईल, फोटोंचा छोटा अल्बम, तो स्टीलचा डबा. जाण्याच्या दिवशी काय घ्यायचं आणि काय राहिलं अशी रडारड झाली नाही. रडले सगळेच, पण बॅग भरलेली होती.

नंतर काकूंनी दोन महिने ती खोली झाडली, पण तिथे बसल्या नाहीत. त्यांचा मुलगा आमच्यावर रागावला होता, माझ्याशी बोलायचा नाही. मी तिथे जात राहिले. मूल गेल्यावर कुटुंबाचीही गृहभेट व्हायला हवी असं मला वाटतं. कागदावर ती कुणी मागत नाही, पण तुम्ही मागा. आईच्या संमतीने सुमी अधूनमधून फोन करायची, ते अजून चालू आहे. ताई, दुःख होईल का असं विचारलंत तर होईल, आणि ते टळावं म्हणून हात राखून प्रेम केलंत तर मुलाला ते पहिल्याच आठवड्यात कळेल.

पैशांचं सांगायलाच हवं, लोक विचारायला लाजतात. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेतून प्रतिपालक कुटुंबातल्या मुलासाठी महिना ४,००० रुपये मिळतात. ते मुलाचे आहेत, त्याच्यावरच खर्च व्हायचे. तेवढ्यावर घरखर्च बसवू नका. याची गल्लत राज्याच्या क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेशी होते. तिचे महिना २,२५० रुपये एकल पालकाकडे किंवा नातेवाइकांकडे वाढणाऱ्या गरजू मुलांना मिळतात. तुमच्या ओळखीत कुणी विधवा बाई एकटीने मूल वाढवत असेल तर तिला हे जरूर सांगा. पैशांअभावी संस्थेत जाणारं एखादं मूल त्यामुळे स्वतःच्याच घरी राहतं, आणि ते कुठल्याही प्रतिपालकत्वापेक्षा चांगलं.

रोजच्या व्यवहारात अडखळायला लावणाऱ्या काही गोष्टी. शाळेत ‘पालकाचं नाव’ या रकान्यापाशी गाडं अडतं. समितीच्या आदेशाची प्रत आणि बाल संरक्षण कक्षाचं पत्र घेऊन जा. दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, सहा ते चौदा वयाच्या मुलाला त्याच्या वयाच्या वर्गात घ्यावंच लागतं. शाळेत मुलाचं आडनाव जे आहे तेच राहू द्या. शस्त्रक्रियेसारखी गोष्ट असेल किंवा बरेच दिवस गावाला न्यायचं असेल तर आधी कळवा. फोटो व्हॉट्सॲपच्या स्टेटसला लावू नका. अशा मुलाची ओळख प्रसिद्ध करायला कायद्याची बंदी आहे, आणि मुलालाही आपली गोष्ट सोसायटीभर झालेली नको असते. शेजाऱ्यांना ‘आमच्याकडे राहायला आलाय’ एवढंच सांगा. महिन्याला तपासणी होते, ती पोलिसी वाटून घेऊ नका. आणि हात उगारायचा नाही. चापट नाही, अंगठे धरून उभं करणं नाही. ज्याला आधी कुणीतरी मारलेलं आहे त्याला तुमची हलकी चापट हलकी लागत नाही.

आता तुमची मुलगी. माझा अनुभव असा की, मूल परत गेल्याचा धक्का घरातल्या मुलांना बसतो, पण त्याहून जास्त त्रास आपल्याला न विचारता ते आल्याचा होतो. तिला आत्ताच विचारा, आणि ‘नाही’ म्हणायची खरी मुभा देऊन विचारा. येणारं मूल तिच्याहून तीन-चार वर्षांनी तरी लहान असावं, म्हणजे तिचं मोठेपण घरात शाबूत राहतं. बारा-तेरा वर्षांचा मुलगा तुमच्या घरी मी सुचवणार नाही, तेरा वर्षांच्या मुलीला तिचा आडोसा हवाच. सात-आठ वर्षांची मुलगी असेल तर जमून जाईल. तुमच्या मुलीचा कप्पा, तिची वही, तिचा तुमच्याबरोबरचा वेळ यांतलं काहीतरी असं असू द्या की ज्यात वाटा पडणार नाही. आणि तिला तक्रार करू द्या. ‘बिचारी आहे ना ती’ असं म्हणून तिचं तोंड बंद केलंत तर ती तुमच्यासमोर गप्प बसेल आणि तुमच्यामागे त्या मुलीशी वाईट वागेल.

सणावारांचंही बोलून ठेवा. भाऊबीजेला मूल कोपऱ्यात बसलेलं दिसलं तर बहुधा त्याचा भाऊ किंवा बहीण दुसऱ्या कुठल्यातरी संस्थेत असते. आठवडाभर आधी आम्हाला सांगितलंत तर ओवाळणीची भेट ठरवता येते. तुमची मुलगी बरोबर आली तर तिलाही बरंच काही न सांगता कळेल.

पुढचं पाऊल असं : अर्ज ऑनलाइन भरता येतो. तरी आधी एकदा जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालयातल्या बाल संरक्षण कक्षात जाऊन समोरासमोर बोला. ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा, लग्नाचा दाखला, उत्पन्नाचा पुरावा, घरातल्या सगळ्यांचे फोटो इतकं बरोबर न्या, बाकीचं ते सांगतील. यजमानांना सुट्टी काढायला लावा, एकट्या जाऊ नका. सासूबाईंना जिने चढवत नसतील तर राहू दे, मी घरी येईन तेव्हा त्यांच्याशी बोलेनच. मुलीला मात्र न्या. तिथे तिला बाहेरच्या बाकावर बसवून ठेवू नका, आत खुर्ची द्या आणि तिचा प्रश्न तिलाच विचारू द्या.